वन्संनी झाडलेलं शेत

चिव्हुंगा गाव, बुहेरा
गुरुवार, १४ मे

ती. चिहेरा वन्सं,

ओंजळ करून टाळ्या वाजवते आणि गुडघे टेकून नमस्कार करते. (कागदावर गुडघे टेकता येत नाहीत हे मला कळतं. पण मी खरोखरच स्वयंपाकघरात जमिनीवर पाय एका बाजूला घेऊन बसले आहे, तेव्हा टेकलेच आहेत असं समजावं.) तुम्ही बऱ्या असाल तर आम्हीही बरे आहोत. आपल्याकडे असंच म्हणायची पद्धत आहे आणि गेली बावीस वर्षं मी ते तोंडाला सवय म्हणून म्हणत आले. या वर्षी पहिल्यांदा लक्षात आलं की त्या वाक्यात एक अट आहे, आणि ती तुमच्या हातात आहे.

उजवा गुडघा कसा आहे? मुतारेला डोंगरावरून थंडी उतरायला लागली असेल, तेव्हा लोकरीचा पट्टा बांधत जा. लोयिसचा दमा कसा आहे? ती गुणी पोर आहे, पण खोटं बोलायला अजिबात शिकलेली नाही. तिला मी आजवर अकरा वेळा फोन केला आणि अकराही वेळा 'आई अंघोळीला गेली आहे' असं उत्तर आलं. इथे नदीत वाळू उकरून पाणी काढायची पाळी आली होती तेव्हाही तुम्ही अंघोळच करत होता. एवढी स्वच्छ बाई साऱ्या मुतारेत दुसरी नसणार. म्हणून शेवटी हे पत्र बसच्या कंडक्टरच्या हाती पाठवते आहे. फोन खाली ठेवता येतो, पत्र मात्र चुलीत टाकायच्या आधी माणूस एकदा तरी वाचतोच.

सगळं अगदी पहिल्यापासून सांगते, कारण तुम्हाला ते कुणी कधी सांगितलंच नाही, आणि जिने सांगायचं ती मीच होते. शेती खात्याचे लर्नमोर साहेब (आईबापांनी नावातच 'अजून शीक' म्हणून बजावून ठेवलेलं, त्यामुळे ते शिकवायचे थांबत नाहीत) गेल्या वर्षी मोटरसायकलवरून हातपंपापाशी आले आणि म्हणाले, नांगर टांगून ठेवा. पाऊस आता पूर्वीसारखा येत नाही, नांगरलेल्या मातीतली ओल चार दिवसांत उडून जाते. कुदळीने ओळीत खड्डे खणा, प्रत्येकात मूठभर शेणखत घाला, आणि वरून सगळी जमीन धाटांनी, गवताने, पाचोळ्याने झाकून टाका. काही जाळू नका, काही उचलू नका. या पद्धतीला त्यांच्या कागदांवर 'खणा आणि खा' असं नाव आहे. गावात तिला 'खणा आणि मरा' म्हणतात, आणि जुलैच्या कडक जमिनीत कुदळ मारलेल्या कुणालाही गावाचंच बरोबर वाटेल.

खड्डे सारख्या अंतरावर यावेत म्हणून एक दोरी करायची असते. तिच्यावर दर साठ सेंटिमीटरला बाटलीचं एक बूच दाबून बसवायचं, म्हणजे जिथे बूच तिथे खड्डा. बुचं गोळा करायचं काम तुमच्या भावाने आपणहून मागून घेतलं. मला केवढं कौतुक वाटलं! दुसरा कुणी असता तर त्याने बिअरच्या दुकानासमोरची धुळीतली बुचं वेचून आणली असती. पण यांचं म्हणणं, बूच ताजं असलेलं बरं. संध्याकाळपर्यंत दुकानाच्या पायरीवर बसून, एक बूच मोकळं झालं की लगेच बसवायचं, असं करत त्यांनी दोरी तयार केली. तिच्या एका टोकाला बुचं शाळेतल्या पोरांसारखी शिस्तीत उभी आहेत, आणि दुसऱ्या टोकाला एकमेकांच्या गळ्यात गळा घालून. ओढ्याच्या बाजूचे खड्डे बघून लर्नमोर साहेबांनी हेल्मेट काढलं आणि विचारलं, 'इथे काय झालं?' मी म्हटलं, 'इथे सहावी बाटली झाली.'

तुम्हाला हे तेव्हाच सांगितलं असतं तर तुम्ही पोट धरधरून हसला असता. थोडंसं सांगितलंही होतं मी फोनवर, आठवतंय? तुम्ही म्हणालात, 'माझ्या भावाला, नाबोथला, कबरी खणायला लावलंस होय गं? एवढं मेलंय तरी कोण आपल्यात? आणि वायरलेस काय करतो? पेन्शन खातो?' (वायरलेस खरंच तेच करत होता. नोकरीवरून काढलेला कारकून कचेरीच्या फाटकाशी उभा राहतो तसा तो बैल गोठ्याच्या कुंपणाला नाक लावून आमच्या कुदळींकडे बघत उभा असायचा.) तुम्ही गमतीने बोललात, पण मला ते लागलं. तुम्हा चिहेरांची, या कुळातल्या लेकींची, चेष्टा म्हणजे आपल्या गावात पंचायतीचा निकालच समजतात. मी म्हणाले, 'सोडलं ते खूळ, नांगरणारच आहोत.' आणि फोन ठेवून पुन्हा खणायला गेले. सगळ्याचं मूळ इथे आहे, वन्सं. मूळ तुमच्या हातातल्या केरसुणीत नव्हतं.

खणण्यापेक्षा झाकणं अवघड गेलं. अंगाला नव्हे, मनाला. तुम्हाला वेगळं सांगायला नको, आपल्यात बाईची पारख तिच्या अंगणावरून करतात. त्यात माझं नाव चेनेसाई. 'स्वच्छ करा' असं नाव लावून फिरणारी बाई डोक्यावर भारे वाहून आणून स्वतःच्याच शेतात कचरा पसरते आहे, हे बघायला लोक वाट वाकडी करून यायचे. शेजारची फारायची आई तर कुंपणापाशी उभी राहून म्हणाली, 'अगं, पसरतेस काय? उचलायचं असतं ते. माहेरी नाही शिकवलं?' मी म्हटलं, 'माहेरी दुसऱ्याच्या कुंपणाला टेकू नये हेही शिकवलं होतं.' ती गेली. पण पूर्ण ऑगस्टभर मी मान खाली घालूनच पाचोळा पसरला. हट्ट होता मला. सप्टेंबरात जिल्ह्याची माणसं सगळ्यांची तयार शेतं बघायला येणार होती, आणि ज्याचं शेत सगळ्यात चांगलं झाकलेलं असेल त्याला एक ढकलगाडी मिळणार होती. हिरवी, रबराच्या चाकाची. डोक्यावरचा प्रत्येक भारा उतरवताना मला ती दिसायची.

आणि नेमक्या आदल्या संध्याकाळच्या बसने तुम्ही आलात.

न कळवता आलात याचं वाईट नाही वाटलं. तुम्हाला कळवून यायची गरज कधी होती? पण दिवस मावळता मावळता तुम्ही शेताच्या कडेने आलात, आणि तुम्हाला ते सगळं दिसलं: भावाच्या शेतात गुडघाभर कचरा, धाटं आडवीतिडवी, गवत विस्कटलेलं. जेवताना माझ्याकडे आजाऱ्याकडे बघावं तशा नजरेने बघत होता. कोंबडीचा मोठा तुकडा तुम्ही माझ्या ताटात सरकवलात आणि हळूच विचारलंत, 'तुझं बरं आहे ना गं?' मी म्हटलं, 'बरं आहे की.' तेव्हाच सांगायला हवं होतं की हा कचरा नाही, मी मुद्दाम अंथरलेलं पांघरूण आहे, उद्या माणसं येणार आहेत. पण मग 'सोडलं ते खूळ' हे खोटं होतं हेही सांगावं लागलं असतं. मी सकाळवर ढकललं. सकाळी चहा पाजून, तुमचा मूड बघून सांगू म्हटलं. तुम्हाला नुसती भाजी वाढली.

सकाळी नऊ वाजता माणसं आली. जिल्ह्याचे तिघं, लर्नमोर साहेब, मुखियाचा माणूस, आणि मागोमाग फुकट करमणूक सोडायची नाही म्हणून फारायची आई. मी नवा झगा घातला होता. सगळ्यांना पुढे घालून मी शेताकडे निघाले, तोंडाने बोलत होते की बघा साहेब, मातीचा एक कण उघडा दिसणार नाही, आणि कुंपण ओलांडलं. अर्धं शेत काळं. ओढ्याच्या बाजूचं सगळं साफ. पाचोळ्याचा ढीग करून जाळलेला, राख अजून धुमसते आहे, आणि उघड्या पडलेल्या मातीवर केरसुणीचे ते अर्धगोल फराटे, एकात एक, माशाच्या खवल्यांसारखे. अर्धं शेत अंगणासारखं झाडलं होतंत तुम्ही, वन्सं. कंबरेत वाकून, त्या गुडघ्यावर. मधोमध उभ्या होता, कपाळाला काजळी, कंबरेचं कापड वर खोचलेलं, आणि चेहऱ्यावर असा आनंद की मला आजही डोळे मिटले तरी तोच दिसतो. म्हणालात, 'ये गं, अर्धं झालं. आजारी होतीस तर कळवायचंस ना वेडे, आधीच आले असते. आता येऊ देत कोण यायचंय ते!'

ते आलेच होते. माझ्या मागे ओळीत उभे होते.

मी काय बोलले ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि मला वाटलं होतं की या पत्रात ते पुन्हा लिहायची वेळ न आणता पुढे सरकता येईल. पण लिहिते. 'कुणी सांगितलं होतं तुम्हाला? हे तुमचं घर नाही. झाडायचं असेल तर आपल्या घरी जाऊन झाडा.' भावोजी गेल्यावर त्यांच्या माणसांनी तुम्हाला सासरच्या घरातून महिन्याभरात बाहेर काढलं. तुमचं घर म्हणून आता एवढंच उरलं आहे हे साऱ्या जगात ज्या तीन माणसांना पक्कं ठाऊक आहे त्यांतली मी एक. तरी बोलले. एका ढकलगाडीसाठी.

मुखियाचा माणूस आभाळाकडे बघायला लागला. लर्नमोर साहेबांनी वही मिटली. तुमचा भाऊ, जो बैलावरही कधी ओरडला नाही, नुसतं 'चेनेसाई' म्हणाला, आणि फारायची आईसुद्धा (हे मी कधी विसरणार नाही) घरी निघून गेली. तुम्ही चिडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही खाली बसून पाहुण्यांना रीतसर टाळ्या वाजवून नमस्कार केलात, त्यांच्या घरच्यांची खुशाली विचारलीत, घरी येऊन केरसुणी दारामागे नेहमीच्या जागी उभी केलीत आणि साडेदहाच्या बसने गेलात. हाताला राख तशीच होती.

बावीस वर्षांपूर्वी मी या घरात नवी सून म्हणून आले तेव्हा उजाडायच्या आत तीन अंगणं झाडायची माझी पाळी होती. सासूबाईंचं, काकांचं आणि आमचं. दुसऱ्याच आठवड्यात मला हिवताप भरला आणि मी कुणाला सांगितलं नाही. (न सांगण्याची खोड जुनीच आहे, पाहिलंत?) मी थरथरत उठून दार उघडलं तर तिन्ही अंगणं झाडलेली, आणि तुम्ही, माहेरपणाला आलेल्या, पांघरुणात शिरून घोरायचं सोंग करत होता. नऊ दिवस हे चाललं. सासूबाई शेजारणींना सांगत होत्या, 'आमची सून झाडते तसं कुणी झाडत नाही, नक्षी काढते नक्षी.' मी मान खाली घालून ऐकून घेतलं. आता वाटतं त्यांना ठाऊक असणार. पोटच्या पोरीचा हात आईला ओळखू येतोच. म्हणजे त्या घरात कुणी कुणाला काही न सांगता सगळे एकमेकांना सांभाळून घेत होते, आणि मला वाटत होतं मी फार हुशार आहे.

आता शेताचं ऐका, कारण यात हसण्यासारखं आहे आणि हसायला मला कुणी नाही. जाताना लर्नमोर साहेब म्हणाले, जे झालं ते झालं, दोन्ही भागांत सारखंच पेरा, नवीन पाचोळा घालू नका. जानेवारीपासून पावसाने सहा आठवडे तोंड दाखवलं नाही. झाकलेला मका हिरवा उभा राहिला, बोटाने पाचोळा उचलला की खाली ओल आणि गांडुळं. काळ्या भागातल्या मक्याची पानं दुपारी अशी सुरळ्या होऊन बसायची की बघवत नसे. मग लर्नमोर साहेबांनी मधोमध दोन पाट्या रोवल्या, 'झाकलेलं' आणि 'उघडं', आणि मार्चमध्ये साठ माणसं बघायला आणली. त्यांना सांगितलं की हा प्रयोग चेनेसाईबाईंनी पुढचा विचार करून मुद्दाम केला! बाकीच्यांची शेतं नुसती झाकलेली होती. फरक दाखवणारं शेत पंचक्रोशीत माझं एकटीचं. ढकलगाडी मला मिळाली.

भाषण करायला सांगितलं तेव्हा मी देवाचे, लर्नमोर साहेबांचे आणि शेणखताचे आभार मानले. शेणखताचं नाव घेतलं, वन्सं, तुमचं घेतलं नाही. लोक त्या झाडलेल्या तुकड्याला 'चिहेराचा तुकडा' म्हणतात, तेव्हा नाव सगळ्यांच्या ओठांवर होतंच, माझ्याच तेवढं आलं नाही. पद्धत खरी ठरली, मी बरोबर होते, हे घरी येऊन सांगायला तोंड उघडलं तर तुमचा भाऊ वायरलेसला कोंडा घालत होता. तो म्हणाला, 'बरोबर होतीस. ताई कधी येणार आहे?' बरोबर ठरणं एवढी बेचव गोष्ट असेल असं मला वाटलं नव्हतं.

तुमची खोली रोज उघडून ठेवते. मोठ्यांना, लोयिसला, आणि तिच्या तोंडून 'आई अंघोळीला गेली' ऐकणाऱ्या सगळ्यांना नमस्कार.

तुमची वहिनी (अजून म्हणत असाल तर),
चेनेसाई

ता. क. कंडक्टरकडे चवळी, वाटलेल्या दाण्यांचा डबा आणि एक भोपळा दिला आहे. दाणे आणि चवळी माझी. भोपळा तुमचाच आहे. चिहेराच्या तुकड्यात मका रुसला, पण जिथे तुम्ही ढीग जाळला होता तिथे राखेत आपोआप एक वेल उगवला, कुणी लावला नव्हता, आणि त्याला हा एवढा भोपळा धरला. लर्नमोर साहेबांनी त्याला पाटी लावली नाही. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तो प्रयोगात बसत नाही.

ता. क. २. वर मी असं भासवलं आहे की नऊ वाजेपर्यंत मला काहीच ठाऊक नव्हतं. ते खोटं आहे. पहाटे मला केरसुणीची खरखर ऐकू आली होती. धुराचा वासही आला. मला वाटलं, वन्सं आल्या आहेत, अंगण झाडताहेत, पानं जाळताहेत. उठून बघायला चार पावलं पडली असती. मी कूस वळवली आणि झोपले. बावीस वर्षांत तेवढी गाढ झोप मला लागली नव्हती. म्हणजे माझं अर्धं शेत मी झोपेत घालवलं, आणि खरं सांगू, त्या एका तासाबद्दल मला अजूनही पस्तावा होत नाही.

ता. क. ३. आता मुद्द्याचं. सोमवारपासून मी अंगण झाडलेलं नाही. आज चौथा दिवस. मारुलाच्या झाडाची पानं घोट्यापर्यंत आली आहेत, काल त्यांत कोंबडीचं एक पिल्लू हरवून संध्याकाळी सापडलं. पाद्र्यांची बायको येऊन बघून गेली, प्रार्थनेत आमचं नाव घेते म्हणाली. तुमचा भाऊ टोपी डोळ्यांवर ओढून ये-जा करतो. कुणी विचारलं तर मी सांगते, हे चिहेराचं अंगण आहे, त्यांना विचारा. तुम्हाला हे वाचून झोप लागत असेल तर खुशाल झोपा.

बस शनिवारी आहे. तुमचा भाऊ ढकलगाडी घेऊन थांब्यावर येईल. सामान तीत घाला, आणि गुडघा दुखत असेल तर तुम्हीही बसा, मी कुणाला सांगणार नाही. केरसुणी आणू नका. तुमची दारामागेच आहे, कुणी हात लावलेला नाही, फक्त रबर सैल झालं होतं म्हणून सायकलच्या ट्यूबची नवी पट्टी बांधली आहे. शेतात यंदाचा पाचोळा मी परवाच अंथरला.

रविवारी पहाटे खरखर ऐकू आली तर मी उठणार नाही. आवाज कुठल्या बाजूने येतोय तेवढं मात्र पडल्या पडल्या ऐकेन.